दिवाकरची म्हणतात ती गाडी

शर्मिष्ठाची गाडी एका कावळ्याने अच्युतला देऊन टाकली. ऐकणाऱ्याला अतिशयोक्ती वाटेल, पण झालं ते असंच.

खारून नदीवर, महादेव घाटाला, तिच्या नवऱ्याचा, दिवाकरचा, दहावा होता. पिंड मांडून झाले होते, गुरुजी सारखे आभाळाकडे बघत होते आणि पिंपळावरचे कावळे खाली मान वळवायलाही तयार नव्हते. मग कबुल्या सुरू झाल्या. दिवाकरचा धाकटा भाऊ अच्युत हात जोडून पुढे झाला. "दादा, आईले मी पाहीन!" कावळे ढिम्म. "दादा, तुझ्या स्वानंदच्या नोकरीचं मी पाहीन!" ढिम्म. "दादा, वहिनीले काही कमी पडू देणार नाही!" यावर एक कावळा उडाला, तो नदीपलीकडे. बायकांच्या घोळक्यात लांब उभ्या असलेल्या शर्मिष्ठाला त्याही अवस्थेत वाटून गेलं, बघा, माझं नाव निघालं की कसे पळतात. शेवटी अच्युतचा बांध फुटला. "दादा, तुझी गाडी मी पुरी करतो! शब्द देतो तुले!" आणि कावळा आला. पिंडाला चोच लागली, मंडळींनी सुस्कारा सोडला, अच्युत गुरुजींच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला आणि त्या घटकेपासून गाडी त्याच्या ताब्यात गेली.

आता सांगा, कावळ्याशी भांडणार कोण?

कारण ती गाडी दिवाकरची नव्हतीच. ती पहिल्या नटापासून शर्मिष्ठाची होती.

शर्मिष्ठा मूळची वर्ध्याची. वडिलांचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि ही मुलगी शाळेतून आली की दप्तर टायरांच्या ढिगावर भिरकावून गाडीखाली शिरायची. पुढे गॅरेज भावाकडे गेलं. ते जाणारच होतं. त्यात कोणाला काही विचारण्यासारखं वाटलं नाही, आणि तिला तर मुळीच कोणी विचारलं नाही. भावाने तिथे मोबाइलचं दुकान काढलं. ती लग्न होऊन रायपुरात ब्राह्मणपाऱ्यात आली, बांधकाम खात्यात आरेखक म्हणून लागली, आणि छत्तीसगड राज्य वेगळं झाल्यावर नव्या राजधानीचे रस्ते कागदावर काढण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं. वळण किती द्यायचं, वळणावर रस्त्याची बाहेरची कड किती उचलायची म्हणजे भरधाव गाडी बाहेर फेकली जात नाही, हे सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. नकाशावर सही अर्थात साहेबांची असे.

मग एकदा भाटापाऱ्याला कोणाच्या तरी मुंजीला गेले असताना, शेजारच्या बंद पडलेल्या राइस मिलच्या आवारात, बारदानाच्या ढिगाखाली, तिला एक जुनी मॉरिस मोटार दिसली. गोल पाठीची, डोळे वटारल्यासारख्या दिव्यांची. शर्मिष्ठा भरल्या पानावरून उठली ती थेट तिथे. जुन्या गाडीचं नुसतं धूड ठेवायचं, आतलं सगळं फेकून दमदार इंजिन बसवायचं, गाडी बुटकी करायची आणि मोकळ्या रस्त्यावर ताणायची, याला हॉट रॉड म्हणतात हे तिला ठाऊक होतं. ते तिला वर्ध्याच्या टायरांच्या ढिगावर बसून पाहिलेल्या विलायती मासिकांपासून ठाऊक होतं. तिथे करता आलं नाही, इथे करायचं, असं तिने त्या बारदानात उभं राहून ठरवलं.

दिवाकर विमा कार्यालयात होता. बोलायला असा गोड, की मिलमालकाने गाडी तर दिलीच, वर ट्रॅक्टरने घरपोच केली. इथवर त्याचे उपकार मानायला तिची ना नव्हती. पण बोलायला सुरुवात झाली ती झालीच. सदर बाजारात, मंडळाच्या सभेत, लग्नाच्या पंगतीत, दिवाकर सांगायचा, "एक गाडी बनवायला घेतली आहे मी." ही मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पाठीवर पडून चेसिसचा सांगाडा जोडायची आणि तो वर उभा राहून पाने द्यायचा. मागितला त्यापेक्षा दुसराच द्यायचा. पण द्यायचा आनंदाने, चहाही करून आणायचा आणि पडक्या मॉरिसमध्ये कॉन्टेसाचं इंजिन बसलं त्या दिवशी लहान पोरासारखा नाचला होता.

एकदा तिने विचारलंच, "तुम्ही साऱ्याइले माही गाडी, माही गाडी काहून सांगून राहिले?"

तो हसला. "अगं, लोक तुले हसतीन. मले हसले तर चालते."

झालं! ऐकायला किती प्रेमळ. आणि हातातून काय काय गेलं बघा. याला उत्तर काय द्यावं हे तिला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचेपर्यंत दिवाकर कार्यालयातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मेलेल्या माणसाशी भांडण पुढे कसं चालवायचं? वर्षभर तर त्याच्यावर रागवायचीही सोय नसते. ती चिडून काही बोलली की घरातले एकमेकांकडे बघत आणि कोणी तरी पाण्याचा पेला पुढे करी. तिचा राग त्यांनी परस्पर दुःखात जमा करून टाकला होता.

दिवाकर गेला तेव्हा गाडीचं एकच मोठं काम उरलं होतं, सस्पेन्शनचं. चाकं आणि गाडी यांच्या मधे जे काही असतं ते. रस्त्याचे हादरे खाणं, वजन तोलणं आणि चाक रस्त्याला चिकटवून ठेवणं, हे सगळं तेच करतं. आणि ते निवडताना पहिला प्रश्न इंजिनाच्या ताकदीचा नसतो, रंगाचा नसतो. पहिला प्रश्न असतो, गाडीत बसणार कोण?

शर्मिष्ठाचं उत्तर केव्हाच ठरलं होतं. दोघं बसणार. मागची सीट नाहीच. ती स्टिअरिंगला आणि शेजारी दिवाकर, त्याच्या बडबडीसकट. तेव्हा मागचा भाग हलका, म्हणून मागे वेटोळ्याच्या मऊ स्प्रिंगा, आणि दोन्ही चाकांना जोडणारा एक्सल इकडेतिकडे सरकू नये म्हणून त्याला चार दांड्यांनी पुढे चेसिसला धरून ठेवायचं. इंजिनाचा जोर आला तरी चाक उड्या मारत नाही, रस्त्याला धरून राहतं. ट्रकखाली असतात तसे एकावर एक रचलेले पोलादी पाटेही बसवता आले असते, स्वस्तात आणि सोपे. पण पाटे ओझ्यासाठी असतात. ओझं नसलं की ते ताठ उभे राहतात, आणि जोर दिला की पिळवटतात. मग गाडी बकरीसारखी उधळते. तिने कागदावर सगळं काढलं होतं, दांड्या अडकवायच्या लोखंडी कंसांची जागा ठरवली होती, आणि ते कंस चेसिसला जोडूनही घेतले होते.

अच्युतचं सदर बाजारात कापडाचं दुकान. माणूस वाईट नाही. चटकन रडतो, चटकन धावून येतो आणि तेवढ्याच चटकन अध्यक्ष होऊन बसतो. रविवारी दोन ओळखीचे घेऊन तो शेडमध्ये आला आणि गाडीभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाला, "दादाचं स्वप्न! वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी हे रस्त्यावर पाहिजे. आता खाली काय बसवाचं ते ठरवू. माह्यं मत, पाटेच बसवू. मजबूत काम."

"पाटे नाही चालणार, भाऊजी," शर्मिष्ठा म्हणाली. "दोघांची गाडी आहे. मागे वजनच नाही."

"दोघांची कशी? सगळं घर बसन की त्यात!"

"मागची सीटच नाही आहे."

"ते बसवून घेऊ." अच्युतने हात हलवला, जणू सीट त्याच्या दुकानातल्या ताग्यासारखी खाली काढून पसरायची होती. "वहिनी, तुम्ही आरामात मागे बसा. तुमाले कायची फिकर?"

तिने चिडून आतून नकाशा आणला आणि बॉनेटवर पसरला. मागचा एक्सल, चार दांड्या, स्प्रिंगांच्या बैठका, प्रत्येक माप तिच्या अक्षरात. "हे पाहा. असं बसवायचं आहे."

अच्युत वाकला. त्याने त्या रेषांवरून हळूच बोट फिरवलं. त्याचे डोळे भरून आले.

"दादाचा हात," तो म्हणाला.

जन्मभर विम्याचे फॉर्म भरणाऱ्या आणि सरळ रेघ ओढायला स्केलपट्टीही न पुरणाऱ्या माणसाचा हात! "माझा आहे तो," ती म्हणाली. "मी काढलं आहे हे. मी आरेखक आहे, भाऊजी. तेच करते मी दिवसभर."

"हव, हव," अच्युत म्हणाला, आणि सोबत आलेल्या दोघांकडे त्याने अशा नजरेने पाहिलं, की बिचारीला सावरायला वेळ लागेल. "तुम्ही त्याले फेअर करून दिलं असन."

स्वानंद, तिचा मुलगा, दारात उभा होता. बंगळूरला नोकरी शोधून कंटाळून परतलेला. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून येतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आई, काका को करने दो ना. पापा का सपना था."

पोटचा पोरगा! दिवाकर वर उभा राहून बोलत असे आणि ही खाली असे, तेव्हा पोराने जे कानांनी ऐकलं तेच खरं मानलं. डोळ्यांनी त्याला काय दिसत होतं? दिसत होते आईचे दोन पाय, गाडीबाहेर आलेले.

नकाशा अच्युत घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात नकाशा परत आला, तो काचेच्या फ्रेममध्ये. दिवाणखान्यात दिवाकरच्या फोटोशेजारी खिळा ठोकून त्याला चंदनाचा हार घालण्यात आला. येणारा-जाणारा आधी फोटोला आणि मग मागच्या एक्सलला नमस्कार करू लागला. सासूबाई, गोदावरीबाई, खुर्चीत बसून हे सगळं बघायच्या. ऐंशी ओलांडलेल्या, कंबर धरलेली, बोलणं मोजकं. शर्मिष्ठा त्यांच्यासमोर एकदा भडकून म्हणाली, "आई, ते माझं आहे हो, भिंतीवरचं!" गोदावरीबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "चहा टाकतेस काय?"

आणि गंमत अशी, की ज्या नकाशाला हार घातला त्यातलं अक्षर न अक्षर धुडकावून अच्युतने पाटेच बसवले.

ती कार्यालयातून घरी आली तर शेडमध्ये वेल्डिंगचा धूर अजून विरला नव्हता. देवीदास वेल्डर हत्यारं गोळा करत होता. तिने वाकून बघितलं. चेसिसवरचे तिचे कंस कापून टाकलेले होते. एकेक कंस जागेवर आणायला तिने किती रविवार घातले होते! ते खाली धुळीत पडले होते, आणि त्यांच्या जागी दोन्ही बाजूंना जाडजूड पाटे, एकावर एक, एखाद्या मालवाहू टेम्पोला शोभतील असे. वर सीट. मरून रंगाची, झालरीची.

"देवीदास, हे कोणाला विचारून कापलं?"

"भाभीजी, भैया बोले..." देवीदास खाली बघून म्हणाला. "मैंने कहा था, भाभीजी को पूछ लो. वो बोले, उनको तकलीफ मत दो."

तकलीफ! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच फोनवर अच्युतला म्हणाली, "माझे कंस कापायचा तुम्हाला काय अधिकार?" पलीकडून मऊ आवाजात उत्तर आलं, "वहिनी, वर्ष होत आलं. तुम्ही स्वतःले सांभाळा." आणि मागून त्याच्या बायकोचा, ऋताचा, आवाज, "फार मनाले लावून घेतलं हो त्यांनी."

तिने फोन ठेवला आणि धुळीतला एक कंस उचलला. कापलेली कड अजून गरम होती. त्या दिवशी ती रडली, आणि ते मात्र कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काय? नवऱ्यासाठी रडते म्हणाले असते.

वर्षश्राद्ध झालं, आणि ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. गल्लीतल्या बायकांनी ओवाळलं. चाकाखाली लिंबं ठेवली. अच्युत स्टिअरिंगला बसला, हे कोणी ठरवलं नव्हतं. जसा सूर्य पूर्वेला उगवतो तसा तो बसला. शेजारच्या सीटवर दिवाकरचा फोटो, पट्टा लावून. मागे झालरीच्या सीटवर गोदावरीबाई, ऋता आणि कोपऱ्यात शर्मिष्ठा, मांडीवर कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा. पायाशी पाण्याचा कॅन, चादरी आणि प्रसादाची पातेली. स्वानंद मोटारसायकलवरून बाजूबाजूने, एका हाताने चित्रण करत.

जुन्या वस्तीतली गर्दी ओलांडून गाडी नवा रायपूरच्या, त्या नव्या राजधानीच्या, रस्त्याला लागली. गाडी लोण्यावरून सरकावी तशी चालली होती. खड्डा येई, कळे न कळे, जाई. गतिरोधकावर तिने नुसती मान डोलावल्यासारखं केलं.

"वा!" अच्युत म्हणाला. "काय आराम आहे! डोकं होतं दादाले."

"पाळण्यात बसल्यासारखं वाटून राहिलं," ऋता म्हणाली.

शर्मिष्ठाला सगळ्यांत जास्त चीड आली ती याची, की ते खरं होतं. एवढी माणसं, एवढी पातेली, एवढं ओझं. या ओझ्याला हे पाटे अगदी बरोबर होते. तिला खोटं बोलता येत नव्हतं. चूक पाट्यांत नव्हतीच. त्यांनी तिची गाडी काढून घेऊन एक दुसरीच गाडी बनवली होती, आणि ती उत्तम बनवली होती. तिच्यात शर्मिष्ठाची जागा होती, मागच्या कोपऱ्यात, डबा धरून.

पुढे मोठं वळण आलं. हे वळण तिच्या टेबलावर कितीतरी दिवस पडून होतं. याची बाहेरची कड दोनदा बदलून तिने साहेबांशी वाद घातला होता. गाडी नुसता हात लावताच वळली. "रस्ता पाहा राजेहो!" अच्युत म्हणाला. "कोण्या परदेशी इंजिनियरनं काढला असन." आणि मग, आनंदाच्या भरात, "मी काय म्हणतो, मंडळातल्या लग्नाइले देत जाऊ ही गाडी. नवरा-नवरी मागे मस्त बसतीन. दादाचं नाव राहीन. मीच चालवत जाईन, दुसऱ्या कोणाच्या हाती नाही द्याची."

"गाडी थांबवा," शर्मिष्ठा म्हणाली.

"काय झालं, वहिनी? उलटी?"

"थांबवा म्हणते ना!"

असा आवाज त्या घरात कोणी ऐकला नव्हता. अच्युतने ब्रेक लावला. ती उतरली, पुढचं डावं दार उघडलं, पट्टा सोडला आणि फोटो बाहेर काढला. मग वळसा घालून उजव्या दाराशी आली.

"उतरा."

"अहो पण..."

"उतरा, भाऊजी. ऋता, तू पण. आई, तुम्ही पण, हळू. ती पातेली काढा. कॅन काढा." तिने फोटो अच्युतच्या हातात दिला. "हा तुमचा भाऊ. नीट धरा. आणि आता ऐका. ही गाडी मी शोधली. मी जोडली. इंजिन मी बसवलं. भिंतीवर हार घालून टांगलाय तो नकाशा मी काढला, आणि हा रस्ताही मीच काढला. मले दुःख नाही झालेलं, मले राग आला आहे! वर्षभर राग आला आहे! तुम्हाले फरक कळत नाही काय?"

कोणी पाण्याचा पेला पुढे केला नाही. पाण्याचा कॅन रस्त्याकडेला होता आणि तिथून हलायची कोणाला हिंमत नव्हती. स्वानंद मोटारसायकलवर एक पाय टेकून उभा होता. चित्रण चालूच होतं, पण मोबाइल त्याच्या गुडघ्याकडे झुकला होता. "आई," तो म्हणाला, आणि पुढे हिंदीतही काही सुचलं नाही.

तिने सीट पुढे ओढली, गिअर टाकला आणि निघाली.

ओझं उतरल्याबरोबर पाट्यांनी आपला खरा स्वभाव दाखवला. गाडी मागून ताठ झाली. रस्त्यातला खडाही पाठीत येऊन लागू लागला. तिने इंजिनाला जोर दिला तशी मागची चाकं थयथय नाचली, दात एकमेकांवर आपटले, आरसा थरथरून त्यात फक्त धुळीचा धुरकट पिवळा रंग दिसू लागला. तिने जोर कमी केला नाही. इंजिन गर्जत होतं, आणि तिचा घसाही. गाडीच्या त्या गोंगाटात ती मोकळ्या सीटकडे वळून ओरडली, "लोक मले हसले असते तर हसू द्यायचं होतं ना! माझं हसू माझं होतं! ते काहून घेतलं तुम्ही?" वर्षभर तिने त्याला एक शब्द सुनावला नव्हता. आता सुनावला, चांगला पुढचं वळण संपेपर्यंत सुनावला. मग एका मोठ्या गोल चौकाला वळसा घालून ती परत फिरली. घामाने चिंब झाली होती आणि तिला तो माणूस इतका आठवत होता, की डोळ्यांपुढचा रस्ता नीट दिसेना.

मंडळी होती तिथेच होती. अच्युत फोटो पोटाशी धरून उभा. तिने गाडी त्यांच्याजवळ आणून थांबवली, पण बंद केली नाही.

"वहिनी," तो म्हणाला. आवाज खोल गेला होता. "दादा तर म्हणे..."

"म्हणत होते. मले माहीत आहे."

"मग आता आम्ही..."

"मागची सीट उद्या निघेल," ती म्हणाली. "एकालाच घेता येईल. कोणाले यायचं आहे?"

अच्युतने फोटोकडे पाहिलं, स्वानंदने काकाकडे. तेवढ्यात रस्त्याकडेला चादरीवर बसलेल्या गोदावरीबाई उठल्या. एका हाताने कंबर धरत, दुसऱ्या हाताने स्वानंदला बाजूला सारत त्या डाव्या दारापाशी आल्या आणि कण्हत आत बसल्या. दार त्यांना ओढता आलं नाही. ते स्वानंदने लावलं.

गाडी निघाली. मग म्हाताऱ्या बाईने समोर बघत सांगितलं, "मले ठाऊक होतं."

शर्मिष्ठाचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला. "काय ठाऊक होतं?"

"त्याले सायकलची चेन नाही बसवता आली कधी. मी माय आहे त्याची."

"आणि तुम्ही वर्षभर गप्प बसल्या?" तिचा आवाज पुन्हा चढला. "मी ओरडून सांगून राहिली होती, आई! तुमच्यासमोर! तुम्ही मले चहा टाकायला सांगितला!"

"हव." गोदावरीबाईंनी नाक पदराला पुसलं. "पोरगा गेला माहा. त्याचं नाव घेऊन लोक घरी येत होते. येऊ द्यावं वाटलं."

तिला अजून संताप होताच. तो कुठे जाणार होता? पण तो या बाईवर काढता येईना, आणि काढल्यावाचून राहवेना. तिने दात आवळून गाडीचा वेग वाढवला. तेवढ्यात रस्त्याच्या जोडावर मागचं चाक आदळलं, पाट्यांनी दोघींना सीटवरून टप्पकन वर उडवलं, आणि गोदावरीबाईंचं डोकं छताला लागलं.

"अगं आई गं!" त्या कळवळल्या. "हे काय बसवलं मेल्यानं!"

"पाटे, आई."

"काढून टाक. उद्याच्या उद्या काढ. तुझं ते भिंतीवरचं बसव."

"लोक म्हणतील, दिवाकरच्या गाडीचं..."

गोदावरीबाई एका हाताने डोकं चोळत होत्या, दुसऱ्या हाताने त्यांनी समोरची पट्टी घट्ट धरली होती, आणि आता त्याही मनापासून चिडल्या होत्या.

"त्याले काय कळत होतं त्यातलं!" त्या म्हणाल्या.

शर्मिष्ठाने गाडी बाजूला घेतली, कारण तिला पुढचं काही दिसत नव्हतं.